मावळात जाहिरात कशी आली

भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजगड, तोरणा आणि रायरेश्वर उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या डोंगरांच्या पायथ्याशी राहणारा माणूस काय खात होता, आणि ते खाणे त्याने केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून टाकले, हाही इतिहासच होय; फक्त त्याची बखर कोणी लिहिली नाही. मी १९७५ साली मॅट्रिक झालो आणि पुढे सारा जन्म ह्याच मुलखातील प्राथमिक शाळांतून काढला. संशोधकाची ऐट मजजवळ नाही. तथापि जे डोळ्यांदेखत घडले आणि ज्याला माझाही थोडा हात लागला, ते सांगावयास हरकत नसावी असे समजून आजचा विषय घेतला आहे. कारखान्यांत तयार होणारी गोड, खारट आणि तळीव खाद्यपेये, आणि दूरदर्शनवरून होणारी त्यांची जाहिरात, हा तो विषय. वेल्हे तालुक्यास राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. परंतु माझ्या पिढीच्या जिभेवर वेल्हे हेच नाव बसले आहे, तेव्हा ते वापरल्याबद्दल क्षमा असावी.

प्रथम मुलूख कसा आहे ते सांगतो. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. ते ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. राजगड आणि तोरणा हे किल्लेही त्याच संस्थानच्या हद्दीत होते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी ह्या नद्यांची खोरी, त्यांच्या मधून उतरलेले सह्याद्रीचे फाटे, आणि चार महिने कोसळणारा पाऊस. खाली भाताची खाचरे आणि वर उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी. ह्यातला व्यवहार मोठा मार्मिक होता. आंबेमोहोर पिकवायचा आम्ही आणि खायचा पुणेकरांनी. नाचणी पिकवायचीही आम्ही आणि खायचीही आम्हीच. सकाळी आंबील, दुपारी नाचणीची भाकरी आणि तिच्याबरोबर हुलग्याचे माडगे किंवा नुसते ताक, भात सणाला किंवा पाहुण्याला. वैशाखात करवंदे व जांभळे फुकटची.

हे चित्र मी सोन्याचे करून दाखवीत नाही. आषाढ-श्रावणात कित्येक घरांच्या कणगीचा तळ दिसे, आणि त्या दिवसांत मुले शाळेत पेंगत ती झोपेने नव्हे. अन्न अपुरे होते. परंतु जे होते ते निकस नव्हते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहाच्या घरात. हे आकडे मला पुष्कळ उशिरा कळले. माझ्या आजीला ते ठाऊक नव्हते, पण बाळंतिणीला नाचणीचे सत्त्व द्यावे हे ठाऊक होते.

आता जाहिरातीकडे येऊ. हा शब्द आज आपण विक्रीपुरता वापरतो. पूर्वी 'जाहीर करणे' म्हणजे सरकारचा हुकूम लोकांच्या कानी घालणे, आणि खेडेगावात ते काम दवंडीने होई. दवंडी पिटणारा गावचाच माणूस असे. त्याला चावडीपुढे अडवून "काय रे, हे खरे का?" असे विचारता येई, आणि तो खोटे बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच वाटेने जावे लागे. पुढे मी जे सांगणार आहे त्यात हा एवढा फरक ध्यानात ठेवावा.

खाण्यापिण्याच्या वस्तू गाजावाजा करून खपविण्याचा उद्योग दूरदर्शनच्या पुष्कळ आधीचा. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहापानावरून केवढे ग्रामण्य झाले ते आपण जाणताच. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यासारखी माणसे त्यात सापडली. अर्थात तेथे दोष चहाचा नव्हता, चहा देणाऱ्या हाताचा होता. तथापि शहरातही चहा तेव्हा नवलाईचाच होता. पुढे १९०३ साली सरकारने निर्यातीच्या चहावर एक कर बसविला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतील मुलाम्याचे फलक लागले, फुकट कप वाटले गेले. अर्ध्या शतकात जे पेय पुण्यात चर्चेचा विषय होते ते तोरण्याच्या पायथ्याच्या झोपडीत गुळाबरोबर उकळू लागले. त्यानंतर वनस्पती तूप. १९३७ साली डालडा हे नाव बाजारात आले, आणि त्याच्या प्रसाराकरिता चित्रपटगृहांतून लघुपट दाखविले गेले, डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांतून फिरविली गेली. गांधीजींनी ह्या तुपाविरुद्ध लिहिले. पुढे त्याच्या बंदीचा प्रश्न संसदेतही निघाला. परंतु डबा काही हलला नाही. त्यातील घातक मेदाम्लांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला. तोवर डब्याची पंच्याऐंशी वर्षे होत आली होती.

ह्या दोन्ही वेळी एक गोष्ट होती. फलक पाहावयास स्टेशनावर जावे लागे आणि लघुपट पाहावयास तिकीट काढावे लागे. जाहिरात घरात येऊन बसत नव्हती.

घरात येण्याचा पहिला मार्ग नभोवाणीचा, ज्या मार्गाने माझा आवाज आज आपल्याकडे येत आहे. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी ह्या केंद्राने एक असा प्रयोग केला की त्याची आठवण काढल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, युनेस्कोच्या साहाय्याने, पुण्याभोवतीच्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, एकंदर वीस कार्यक्रम झाले. मंडळी जमायची, अर्धा तास ऐकायची, मग आपसांत वाद घालायची. शंका लिहून केंद्राकडे पाठवायची आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्याची तपासणी केली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली असे तिला आढळले, आणि त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. ही दवंडीच होती, पण हिला उलट प्रश्न विचारता येत होता.

मग पैशाचा प्रश्न आला. नभोवाणीवर तोवर जाहिरातीस मज्जाव होता. चंदा समितीने १९६६ च्या अहवालात व्यापारी प्रक्षेपण सुरू करावे अशी शिफारस केली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती लागू लागल्या. त्या देशात सर्वप्रथम कोठे लागल्या म्हणाल, तर मुंबई, नागपूर आणि पुणे ह्या केंद्रांवर. म्हणजे ज्या केंद्राने अकरा वर्षांपूर्वी शेतकऱ्याला प्रश्न विचारावयास शिकविले, तेच केंद्र वेळ विकण्यातही पहिल्या तिघांत बसले. मी हे कुरकुरीने म्हणत नाही. केंद्र चालवावयास पैसा लागतो हे मला कळते. आमच्या गावी तेव्हा ग्रामपंचायतीचा एक संच होता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बिस्किटांचे नाव मी प्रथम कानांनी ऐकले. बिस्किट तोंडात पडले ते पुढे दोन वर्षांनी, मुंबईहून मामा आला तेव्हा. ह्या डोंगरात वस्तूच्या आधी तिचे नाव पोहोचले, आणि पुढेही नेहमी तसेच झाले.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे पुण्याच्या परिसरात ते दिसावे म्हणून पुनःप्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला तो कोठे, तर सिंहगडावर. शहरातील घरांच्या गच्च्यांवर आकडे लागले ते सिंहगडाकडे तोंड करून. परंतु गडाच्या मागल्या अंगास आमचा मुलूख आहे, हे बहुधा कोणाच्या ध्यानात नसावे. मनोऱ्याच्या लहरी दोन्हीकडे गेल्या. ज्या वाड्यांतून गड सरळ दिसे त्यांना चित्र स्वच्छ. ज्या डोंगराआड, त्यांच्या पडद्यावर मुंग्या. एका खोऱ्यात पोरे चित्रपट पाहून येत आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या पोरांना सांगत. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट तबकडीची सेवा आली तेव्हा आडच्या वाड्याही उघड्या पडल्या.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ रोजी. आरंभी त्या थोड्या होत्या आणि संचही थोडे होते. १९८२ साली रंग आला, राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८३ साली मॅगीच्या शेवया भारतात आल्या, आणि ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही पहिली प्रायोजित मालिका सुरू झाली तिच्या प्रायोजकांत ह्याच शेवया होत्या. मालिका मूळची कुटुंबनियोजन आणि समाजशिक्षण ह्यांसाठी योजलेली. मेक्सिकोतील अशाच प्रयोगावरून ती कल्पना घेतली होती. त्यातून लोक कुटुंबनियोजन किती शिकले हे विद्वान सांगोत. शेवया मात्र शिकले. पी. सी. जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दूरदर्शन व्यापाराच्या आहारी जात असल्याचा इशारा त्याच सुमारास दिला होता. तो अहवाल छापला गेला, वाखाणला गेला आणि कपाटात गेला.

१९८७ च्या जानेवारीत 'रामायण' लागले. आमच्या वाडीत तेव्हा एकच संच, मुंबईस गोदीत असलेल्या एका गृहस्थाने भावासाठी आणलेला. रविवारी सकाळी ओटी, अंगण आणि समोरचा गोठा माणसांनी भरून जाई. बायका पदर घेऊन, वडीलधारे वहाणा काढून बसत. प्रभू रामचंद्र येण्यापूर्वी जाहिराती येत, आणि त्या वेळी कोणी उठत नसे, कारण उठले तर जागा जाई. हात जोडलेलेच असत. अशा भक्तिभावाने बसलेले गिऱ्हाईक जगाच्या पाठीवर कोणत्या व्यापाऱ्यास मिळाले असेल?

आता, जाहिरात वस्तूचे नाव सांगते, हे खरे. परंतु नाव सांगण्यापूर्वी ती आणखी एक काम करते, आणि ते माझ्या ध्यानात येण्यास एक प्रसंग घडावा लागला. तो मला सांगितलाच पाहिजे, कारण त्यात चूक माझी आहे.

१९९६ च्या जुलैमध्ये एका पेयाच्या कंपनीची जीप आमच्या शाळेशी आली. कंपनीचे नाव सांगत नाही. चित्रकलेची स्पर्धा घेऊ, मुलांस बक्षिसे देऊ, असे त्या तरुण गृहस्थाने मोठ्या अदबीने विचारले. शाळेला वर्षात कोणी पाहुणा येत नसे. मला आनंदच झाला. मी मुलांच्या रांगा लावल्या, टाळ्या वाजविण्यास सांगितले. प्रत्येक मुलास एक पुडी आणि कागदी टोपी मिळाली, आणि शाळेस भिंतीवरचे एक घड्याळ. घड्याळाच्या तबकडीवर पेयाचे नाव होते. अकरा वर्षे मुलांनी वेळ पाहण्यास मान वर केली की ते नाव वाचले. अक्षरे मी शिकविली आणि वाचावयास मजकूर कंपनीने दिला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका मुलाची आई शाळेत आली. उतारावरची दोन पट्टे वरकस जमीन आणि दोन म्हशी, एवढा त्यांचा संसार. दारातच उभी राहून ती म्हणाली, "गुरुजी, पोरगं भाकर नेत न्हाई. काळी भाकर म्हून पोरं हसत्यात म्हनतो. टीव्हीतल्या पोरावानी डब्यात दे म्हनतो. म्या कुठनं आनू?" मी तिला काहीतरी समजुतीचे सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, आज घरून काय खाऊन आलात? एकतीस मुलांपैकी चौघांनी नाचणी म्हटले. घर ना घर मला माहीत होते. उरलेल्यांपैकी बहुतेक खोटे बोलत होती, आणि मी त्यांना रागावू शकलो नाही.

जाहिरातीने त्या मुलांच्या पोटात अजून काही घातले नव्हते, कारण त्यांच्या खिशात पैसाच नव्हता. तिने त्यांना आपल्या ताटाची लाज वाटावयास लावली होती. विक्री पुढे यथावकाश व्हायची होती. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. नाचणीच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. मी बोलावयास हवे होते, तर मी टाळ्या वाजवीत होतो.

यथावकाश विक्रीही झाली. महामार्गावरच्या चेलाडी फाट्यापासून एस. टी. जेथवर जाई तेथवर खोकी जाऊ लागली. वस्तू लहान झाल्या म्हणजे गरिबास परवडतात, हा शोध कंपन्यांनी लावला. २००३ च्या सुमारास कोलाची २०० मिलिलिटरची बाटली ५ रुपयांस मिळू लागली. बटाट्याच्या कापांची पुडीही ५ रुपयांस. मी मास्तर असल्यामुळे मुलांना त्रैराशिक घातले. पुडीत १२ ग्रॅम माल असेल तर किलोचा भाव काय? चारशे सोळा रुपये, काही पैसे. बटाटे तेव्हा कितीला होते, ते आपण आठवून पाहावे. दुसरे गणित साखरेचे. अशा पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साखर साडेदहा-अकरा ग्रॅम. तर ३०० च्या बाटलीत बत्तीस ग्रॅम, म्हणजे आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली उत्तम मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे. मुलांनी गणित बिनचूक सोडविले आणि मधल्या सुट्टीत पुड्या आणल्या.

आपण विचाराल, सरकार काय करीत होते? सरकार भेसळ पाहत होते. १९५४ चा अन्नभेसळीचा कायदा हा चांगला कायदा होता. दुधात पाणी, मिरचीत विटेची पूड, तुपात चरबी ह्यांना तो ओळखत असे. परंतु जी वस्तू शुद्ध आहे, कारखान्यातून सीलबंद आली आहे, आणि तशीच्या तशीच रोज खाल्ल्याने अपाय करते, तिला पकडावयास त्याच्यापाशी शब्दच नव्हता. म्हणून आपल्याकडे ह्या वस्तूंवरून जे मोठे वाद झाले ते पाहा. २००३ साली शीतपेयांत कीटकनाशके सापडली म्हणून गदारोळ झाला. शरद पवार ह्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिने ते निष्कर्ष खरे मानले. वाद कीटकनाशकाचा झाला. आठ चमचे साखर बाजूलाच राहिली. २०१५ साली शेवयांवर बंदी आली ती शिशाच्या संशयावरून, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट रोजी ती रद्द ठरविली, कारण तपासणी रीतसर झाली नव्हती व कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते. न्यायालयाचे चुकले असे मी म्हणत नाही. परंतु खटला शिशाचा होता, मैद्याचा आणि मिठाचा नव्हता, आणि शेवया सुटल्या तेव्हा लोकांना वाटले की मैदाही निर्दोष सुटला.

ह्या साखरेचा आणि मैद्याचा आमच्या लोकांच्या देहाशी काय संबंध, ह्याचे एक उत्तर पुण्यातच मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथील बाळे साडेतीन किलोंची. आपली बाळे सर्वांगाने लहान, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसावयास कृश आणि आतून स्निग्ध, असा हा देह. पिढ्यानुपिढ्या अर्धपोटी राहिलेल्या मुलखात असा देह जन्मास येतो, आणि त्याला अकस्मात साखर मिळाली की मधुमेह लवकर गाठतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख धरली गेली. पूर्वी हा श्रीमंतांचा रोग म्हणत. आमच्या गावात आता सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणणारे शेतमजूर आहेत.

कायदे झाले नाहीत असे नाही. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या डब्यांबद्दल १९९२ चा कायदा आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील मुलांच्या अशा अन्नाची जाहिरातच बंद झाली. तो कायदा दात असलेला आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला. २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांची विक्री आणि जाहिरात दोन्ही मना केली. आमच्याकडे दुकान ५० मीटरच्या आत नसून शाळेच्या भिंतीला लागून असते, हे नियम करणाऱ्यांस कोणी कळविले नसावे. शेवटी जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले की मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेये इत्यादींची जाहिरात करू नये. १९७६ पासून २०२२ पर्यंत सेहेचाळीस वर्षे होतात. आणि एवढे होऊनही मूल जे पाहते ते क्रिकेट आणि आईबरोबरची मालिका मोकळीच राहिली. कॅनडातील क्वेबेक प्रांताने तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरात करण्यास १९८० सालीच बंदी घातली. चिली देशाने २०१६ पासून अशा वेष्टनांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले आणि पुढे दिवसभराच्या प्रक्षेपणातून त्यांच्या जाहिराती काढल्या. म्हणजे हे करता येत नाही असे म्हणण्यास जागा नाही.

एक गंमत सांगतो. बोर्नव्हिटाच्या नावाची प्रश्नमंजूषा १९७२ पासून नभोवाणीवर आणि १९९२ पासून दूरचित्रवाणीवर होत असे. कार्यक्रम उत्तम, मी स्वतः त्यातील प्रश्न उतरवून घेऊन वर्गात विचारीत असे. परंतु त्यामुळे पेय आणि बुद्धी ह्यांची जोडी आम्हा शिक्षकांच्याही मनात बसली. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानदारांस कळविले की हे आणि असली इतर पेये 'आरोग्यपेय' ह्या सदराखाली विकू नयेत, कारण कायद्यात अशी काही जातच नाही. ह्या एका प्रश्नाचे उत्तर यावयास बावन्न वर्षे लागली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विलेपार्ल्याच्या कारखान्यात १९३९ च्या सुमारास तयार होऊ लागलेले ग्लुकोजचे बिस्किट हे पुढे गरिबाच्या प्रवासातले अन्न झाले. वीटभट्टीवरच्या बाईने चहात दोन बिस्किटे बुडवून दिवस ढकलला, तर तिला उपदेश करणारा मी कोण? सीलबंद पुडीत माती नसते, माशी नसते, हेही खरे. आणि नाचणी दळणे, तिचे पीठ मळणे, चुलीशी बसून भाकरी थापणे हे कष्ट बाईचे; पुरुषांनी बसल्या जागेवरून भाकरीचे गोडवे गावे हे मला प्रशस्त वाटत नाही. माझी तक्रार पुडीशी नाही. जो एकटाच बोलतो आणि ज्याला उलट विचारता येत नाही, त्याला मुलांच्या समोर आपण पन्नास वर्षे बसू दिले, ही तक्रार आहे. आता तर तो खिशातल्या फोनवर प्रत्येक मुलाशी वेगळे बोलतो, आणि तो काय म्हणाला हे आईबापांना ऐकूही येत नाही.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि नाचणीला एकदाचा आवाज मिळाला. पुण्यात मुलीकडे गेलो असता तिने कौतुकाने नाचणीची बिस्किटे पुढे ठेविली. मी सवयीप्रमाणे चष्मा लावून पुडा उलटा केला. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे असा नियम आहे. पहिला मैदा, मग साखर, मग तेल, आणि नाचणी शेकडा सात. पुढच्या बाजूस मात्र कणसांचे चित्र पुड्याच्या निम्म्याहून अधिक जागेवर होते. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काही खाऊच देत नाही."

गेल्या मार्गशीर्षात मी राजगडाच्या पायथ्याकडे गेलो होतो. ज्या मुलाची आई तेव्हा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली होती, त्याचे आता रस्त्यालगत दुकान आहे. पुढे पुड्यांच्या माळा लोंबतात, मागे ओसरीवर चूल आहे. रविवारी पुण्याची मंडळी गडावर येतात आणि उतरल्यावर पिठले आणि नाचणीची भाकरी मागतात. त्याची आई अजून स्वतः थापते. तिने मला ओळखले. पाटावर बसविले, भाकरी वाढली, वर तुपाची धार घातली, आणि पैसे घेईना. तेवढ्यात तिचा सात वर्षांचा नातू आला, माळेतली एक पुडी ओढून त्याने तोडली, आणि आमच्याकडे पाठ करून पायरीवर बसून खाऊ लागला. मी म्हटले, "बाळ, भाकरी खा की आजीच्या हातची." तो म्हणाला, "ती पावण्यांची आहे."